पूरमदतीत गावची मंडळं आणि परदेशातले गाववाले प्रशासनाशी कसे जोडायचे?

ट्रक भरण्याआधी तहसील कार्यालय गाठा. जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असले, तरी गावची खरी यादी तलाठ्याकडेच जुळते. बचतगटांनी त्यात तांडे, शेतवस्त्या आहेत का ते बघावं. नाहीतर डांबरी रस्त्यावरच्या गावाला दोनदा किट आणि आतल्या वस्तीला काहीच नाही.

खरा घोळ पैशाचा. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्याची ठरते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ती फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेनेच घ्यावी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणून खरेदी त्याच संस्थेने करावी, मंडळाने यादी आणि माणसं द्यावीत.

जुने कपडे तर नकोच. जनावरांना चारा हवा का ते विचारा.