हातचा कुठून आला?

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त विज्ञान शिक्षकाची उत्तरं

प्रश्न : आमच्या विज्ञान मंडळात आठवी-नववीची 14 मुलं आहेत. स्टोअर रूममध्ये पडून असलेल्या 3 कॉम्प्युटरांतून एक चालू करायचा असं ठरलं. पण सगळं काम एकच मुलगा करतो, त्याच्या मामाचं दुरुस्तीचं दुकान आहे. बाकीची मुलं बघत बसतात आणि मुली वहीत नोंदी घेतात. काय करू?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : बाई, मुलांचं नंतर बघू. ते तीन डबे जडवस्तू नोंदवहीत आहेत का, ते आधी बघा. असतील तर निर्लेखन, म्हणजे वहीतून रीतसर नोंद कमी करणं, झाल्याशिवाय एकही स्क्रू काढू नका. मी काढला होता. मशीन चालू झालं, कौतुक झालं, आणि पुढच्या तपासणीत ‘वहीत तीन, वर्गात एक, मग दोन कुठं?’ याचा खुलासा लिहिण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. निर्लेखनाला वेळ लागणार असेल तर गावातल्या ऑफिसांत, दवाखान्यांत जुनं मशीन आहे का विचारा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बरीच जुनी मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत, त्यामुळे चालते डबेही लोक अडगळीत टाकतायत. मुलांना त्यावर विंडोजच्या जागी लुबुंटूसारखं हलकं, फुकट मिळणारं लिनक्स टाकता येईल.

आता मामाचा भाचा. त्याला मंडळातून काढायचं नाही, हात मागे बांधून उभं करायचं. अगदी खरोखर. ज्याला येतं त्याने फक्त तोंडाने सांगायचं, पेचकस ज्याला येत नाही त्याच्या हातात. पहिल्या दिवशी तो चिडेल. ‘अगं ते नाही, ते!’ असं चारदा ओरडेल. पाचव्यांदा त्याला म्हणावं लागेल, ‘चोवीस पिनांचा रुंद प्लग, कडेची खिट्टी दाबून ओढ.’ त्या दिवशी तोही काहीतरी शिकला असं समजा.

मशीन एकदा चालू झालं की पुन्हा सगळं सुटं करा. हे कुणाच्याच जिवावर येत नाही, फक्त शिक्षकांच्या येतं. दुसऱ्यांदा दुसरी जोडी, तिसऱ्यांदा तिसरी. मात्र प्रोसेसरवरचा पंखा दरवेळी काढू नका. काढलाच तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. मुलं ती ब्रेडवर लोणी लावावं तशी थापतात.

एका बाबतीत मात्र लोकशाही नको. एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला चालेल अशी करून देणारा, डबा कुणीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतकी वीज साठून राहते. आणि जुन्या एसएमपीएसला मागे छोटं लाल बटण असतं, 115 आणि 230 लिहिलेलं. ते 230 वरच आहे ना, हे प्लग लावण्याआधी तुम्ही स्वतः बघा. आमच्याकडे कुणीतरी खेळताखेळता ते 115 वर सरकवलं होतं आणि मी न बघता बटण दाबलं. सुतळी बॉम्बसारखा आवाज, मग जळका वास, आणि शेजारच्या वर्गातून हेडसर. तो खर्च मीच भरला, मुलांना ओरडलो नाही. चूक माझी होती.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. दर शनिवारी दोन तास शाळेत कॉम्प्युटर जोडत बसते. तयार लॅपटॉप दुकानात मिळतो, मग हे शिकून उपयोग काय?
– एक पालक, नाशिक

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे मार्कांचं आमिष नाही. एक प्रसंग सांगतो.

तयार भाग जोडण्याआधी मी मुलांकडून एक बेरीज यंत्र करून घ्यायचो. ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीवर, पाच चिप : दोन 7486, दोन 7408, एक 7432. इकडे आठ स्विच, तिकडे पाच एलईडी, आणि पाच व्होल्टसाठी मोबाईलच्या जुन्या चार्जरची कापलेली वायर. चार-चार बिटांच्या, म्हणजे 0 किंवा 1 च्या चार-चार घरांच्या, दोन संख्यांची बेरीज, बास. आमच्या पोरांनी 3 आणि 5 लावले. 0011 अधिक 0101, म्हणजे उजवीकडून तीनही घरांत हातचा पुढे सरकत जातो आणि शेवटी 1000, एकच दिवा. पण पेटले दोन, चार घरांच्या दोन्ही टोकांचे. यंत्र म्हणत होतं, नऊ.

दोन शनिवार गेले. वायरी बदलल्या, चिप बदलल्या. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी तोवर कधी बोलली नव्हती, म्हणाली, ‘सर, 2 आणि 2 लावलं तरी 5 येतात. दरवेळी एकच जास्त आहे. कुणीतरी हातचा देतंय.’ पहिल्या घराला हातचा घ्यायची पिन होती आणि तिथं हातचा येणारच नाही म्हणून आम्ही ती मोकळी सोडली होती. या जातीच्या चिपला मोकळी पिन म्हणजे 1. पिन ग्राउंडला जोडली, एक दिवा विझला.

उपयोग म्हणाल तर, त्या पोरीला पुढे मी कॉम्प्युटरवर क्वचितच पाहिलं. पण वर्गात ती ‘का’ विचारायला लागली, आणि काही तासांना मला त्याचा त्रासही झाला. तुमच्या मुलीला शनिवारी घरी आल्यावर ‘झालं का चालू?’ असं विचारू नका. आज काय बिघडलं, ते विचारा.

प्रश्न : सर, आम्ही पाच जणांनी मशीन जोडलं. पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरंच गेला असेल?
– इयत्ता नववी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : गेला असेलही, पण इतक्यात त्याला पोचवू नका. प्रोसेसरजवळ चार पिनांचा वेगळा छोटा प्लग लागतो, तो लावलाय का? पंखा फिरतोय म्हणून सगळे तिथंच फसतात.

तो लावला असेल तर प्लग काढा, चालू करायचं बटण दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि रॅम बाहेर काढा. तुमच्या कोकणातल्या दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर काजळी धरते. साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, चुरा ब्रशने झाडा. परत बसवताना खाच जुळवा. जुळत नसेल तर जोर लावू नका, ती दुसऱ्या जातीची रॅम असेल. डीडीआर 3 आणि डीडीआर 4 ची खाच एका जागी नसते. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. मग रुपयाएवढी गोल बॅटरी पाच मिनिटं काढून परत बसवा.

एवढं करूनही पडदा काळाच राहिला, तर कॅबिनेटमधला छोटा स्पीकर जोडा आणि चालू केल्यावर किती बीप येतात ते मोजून कळवा, त्यावरून बिघाडाचा अंदाज येतो. लांब किती, आखूड किती, वेगवेगळं लिहा. आणि मोजायचं काम पाचही जणांनी करा, कारण दरवेळी दोघांचा आकडा जुळत नाही.