ऐतिहासिक इंग्लिश प्रेमकादंबऱ्यांत सोयीचे (प्रेमापोटी नव्हे, तर पैसा किंवा गरजेपोटीचे) लग्न केलेले जोडपे वर्षानुवर्षे वेगळे राहून पुन्हा एकत्रच का येते? लग्न मोडत का नाही?

कारण त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न मोडणे जवळपास अशक्य होते आणि 'सोयीचे लग्न' व 'प्रेमाची दुसरी संधी' ही दोन्ही कथानके याच कायदेशीर कोंडीतून एकमेकांना जोडली जातात. १८५७ च्या कायद्याने न्यायालयीन घटस्फोटाची सोय होईपर्यंत, पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा असल्यास संसदेत खाजगी विधेयक मंजूर करून घ्यावे लागे, आणि तो खर्च मूठभर श्रीमंतांनाच झेपत असे. शिवाय लग्नानंतर पत्नीची जंगम मालमत्ता पतीची होई, त्यामुळे कर्जात बुडालेला सरदार आणि धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी ही जोडी कादंबरीकारांना आयतीच मिळते. अनेक वर्षे दूर राहून तो सरदार परततो तेव्हा इस्टेटीचे हिशेब पत्नी चोख सांभाळत असते, पण कराराच्या कागदावर सही त्याचीच लागते. माझ्या मते या प्रकारातली उत्तम दृश्ये इथेच घडतात. एक गोष्ट मात्र या कादंबऱ्यांत अनेकदा चुकीची असते: शरीरसंबंध आला नाही एवढ्याच कारणाने लग्न रद्द होत नसे, त्यासाठी चर्चच्या न्यायालयात शारीरिक असमर्थता सिद्ध करावी लागे, निव्वळ नकार हे कारण १९३७ च्या कायद्याने आले.