कोयनेचे धक्के घोळक्यानं येतात का?

प्रश्न: भूकंपाची बातमी आली की मी तारीख वहीत लिहून ठेवतो. कोयना भागात चार-पाच धक्के लागोपाठ बसतात, मग कित्येक दिवस काहीच नाही. हे खरंच घोळक्यानं येतात, की मला तसं वाटतं?
– एक वाचक, पाटण

उत्तर: वही ठेवलीत हे उत्तम केलंत, उत्तर तिच्यातूनच निघेल. मात्र निव्वळ योगायोगानं घडणाऱ्या घटनाही एसटीच्या वेळापत्रकासारख्या सारख्या अंतरानं येत नाहीत. त्यांच्यातही लहान अंतरंच जास्त असतात. त्यामुळे नुसत्या घोळक्यांवरून काही सिद्ध होत नाही.

शिकवत असताना मी फळ्यावर नेहमी लंडनचा तक्ता मांडायचे. १९४४ साली जर्मनीचे व्ही-१ बॉम्ब पडत होते, तेव्हा काही वस्त्यांवर मुद्दाम नेम धरला जातोय असा लोकांचा समज होता. विमा क्षेत्रातले गणिती आर. डी. क्लार्क यांनी दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटर भागाचे ५७६ समान चौकोन केले. बॉम्ब ५३७. २२९ चौकोनांत एकही पडला नव्हता, २११ चौकोनांत एक, ९३ मध्ये दोन, आणि एका चौकोनात तब्बल सात! पॉयसाँच्या सूत्रानं, म्हणजे निव्वळ योगायोग धरून, रिकामे चौकोन सुमारे २२७ आणि एक बॉम्बवाले २११ निघतात. सात बॉम्ब झेललेल्या त्या चौकोनातल्या माणसांना हे कसं पटावं? पण नेम नव्हता.

तुम्हीही असंच करा. दर महिन्याचे धक्के मोजा, त्यांची सरासरी काढा. प्रत्येक महिन्याचा सरासरीपासूनचा फरक घेऊन त्याचा वर्ग करा, आणि त्या वर्गांच्या सरासरीला मूळ सरासरीनं भागा. उत्तर १ च्या आसपास आलं तर योगायोग, बरंच जास्त आलं तर घोळके खरे. लंडनच्या आकड्यांवर हा भागाकार १.०४ येतो.

कोयनेचा मात्र १ पेक्षा बराच मोठा येईल, असं मला ठामपणे वाटतं. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येतात आणि दिवसागणिक विरळ होत जातात. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी हा नियम १८९४ मध्येच मांडला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतरही असे धक्के बसत राहिले. दुसरं कारण पाण्याचं. पावसाळ्यात शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरला की पुढच्या महिन्यांत धक्के वाढतात, हे अभ्यासकांनी वर्षानुवर्षं नोंदलंय. इथे एक धक्का दुसऱ्याला ओढून आणतो असं नाही, सगळ्यांचाच वेग वाढतो. भागाकार मात्र दोन्हींत मोठाच येतो, आणि कारण कोणतं हे तो सांगत नाही. म्हणून मोठ्या धक्क्यानंतरचे काही आठवडे वगळून गणित पुन्हा करा. तरीही आकडा मोठा राहिला, तर धरणाच्या पातळीशी पडताळून बघा.

बातम्यांवर मात्र विसंबू नका. एक मोठा धक्का बसला की वर्तमानपत्रं पुढचे बारीक धक्केही छापतात, एरवी तेच धक्के सुटतात. तेवढ्यानंही वहीत घोळके दिसतील. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीतून एक किमान तीव्रता ठरवून तारखा घ्या.