पेटीत घातलेला थवा दुसऱ्या दिवशी का उडाला?

तुम्ही लिहिलंय की सातेरीच्या (पेटीत पाळतात त्या आपल्याकडच्या मधमाशीच्या) पेटीतून भर दुपारी माश्यांचा थवा, म्हणजे राणीसकट नवं घर शोधायला निघालेला घोळका, उठला आणि समोरच्या आंब्यावर त्यांचा घोस लटकला. तुम्ही तो रिकाम्या पेटीत झाडून घेतला, पेटी तिथेच झाडाखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सगळ्या निघून गेल्या. माझ्याकडूनही असे दोन थवे गेलेत. ती हळहळ मला माहीत आहे.

लटकलेला घोस निवांत दिसतो, पण त्याच वेळी घरशोध चालू असतो. मोजक्या अनुभवी माश्या ढोल्या, भिंतींची भोकं बघून येतात आणि घोसाच्या अंगावरच नाचून दिशा-अंतर सांगतात. १९४९ साली म्युनिकमध्ये मधमाश्यांचे अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांना अशा नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर काजळी आणि विटांची धूळ दिसली आणि त्या फुलांवरून नाही, तर घरं बघून येत आहेत हे त्यावरून त्यांनी ताडलं. तुमच्या माश्यांचंही एखाद्या ढोलीवर एकमत झालेलं असणार. तुम्ही मध्येच पेटी दिलीत, पण तिच्यात त्यांना धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

धरून ठेवतात ती अंडी-अळ्या. दुसऱ्या निरोगी पेटीतलं उघड्या (अजून झाकण न आलेल्या) अळ्यांचं एक पोळं माश्या झटकून नव्या पेटीत मध्यभागी लावा आणि मग थवा सोडा. पोसायला पिल्लं मिळाली की कामकरी माश्या सहसा ती सोडून जात नाहीत. मी हे करायला लागल्यापासून माझा एकच थवा गेलाय, आणि त्या पेटीला मुंग्या लागल्या होत्या.

बाकीचं सोपं आहे. घोसावर पाण्याचा हलका फवारा मारा, मांजरपाटाची पिशवी खालून धरा आणि फांदीला एकच जोराचा झटका द्या. हलके हलके झटके दिलेत तर माश्या पुन्हा उठतात. राणी आत गेली की दाराशी माश्या शेपूट वर करून पंख फडफडवतात आणि बाहेर राहिलेल्या आपोआप आत चालत जातात. हे दिसलं नाही, तर फांदीवर परत बघा, राणी तिथेच असेल. अंधार पडल्यावर दार बंद करून पेटी निदान दोन किलोमीटर लांब न्या, म्हणजे त्या हेरलेल्या ढोलीशी संबंध तुटतो. संध्याकाळी साखरपाक द्या, पण पेटीच्या आतच, आणि एक थेंबही बाहेर सांडू देऊ नका. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

दाराला क्वीन गेट (कामकरी माश्यांना जाऊ देणारी, पण राणीला अडवणारी जाळी) तीन-चार दिवसच लावायचं. पहिल्या थव्यात जुनी, अंडी घालणारी राणी असते, तिला ते चालतं. मागून निघणाऱ्या छोट्या थव्यात कुमारी राणी असते. तिला मीलनासाठी बाहेर जायलाच हवं. गेट तसंच राहिलं तर ती वाया जाते.

आग्या माश्यांचा घोस असेल, तर यातलं काहीही करू नका. लांब राहा, वाटेवरचे घोस बहुधा स्वतःच पुढे जातात.

खरं तर थव्याची तयारी पेटीत बरीच आधी दिसते. आमच्याकडे माघ-फाल्गुनात मी दर आठवड्याला तळपाट, म्हणजे पेटीची तळाची फळी, बघतो. आधी नर वाढतात. सातेरीच्या नरांच्या घरांची झाकणं टोकदार असतात आणि प्रत्येकाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ती बारीक टोपणं तळपाटावर पडलेली दिसली की मी पोळ्यांच्या खालच्या कडा तपासतो. तिथे शेंगदाण्यासारखी, तोंड खाली असलेली राणीघरं, म्हणजे नव्या राण्या वाढवायची घरं, लटकलेली असतात. पहिलं राणीघर बंद झालं की हवा बघून थवा निघतो. त्याआधीच जुनी राणी दोन-तीन पोळ्यांसकट नव्या पेटीत न्यावी आणि मूळ पेटीत एक चांगलं राणीघर ठेवून बाकीची काढावीत. यालाच विभाजन म्हणतात. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण घेतलंत, तर हे एकदा हाताखालून जाईल. वाचून ते जमत नाही.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली आणि ती तुम्ही करू नये असं मनापासून वाटतं. थवा गेल्यावर रागाने मी मूळ पेटीतली सगळी राणीघरं खरवडून काढली. जुनी राणी थव्याबरोबर गेलेली होती, म्हणजे त्या पेटीची शेवटची आशाच मी मोडली. काही आठवड्यांनी कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या, एकेका घरात तीन-चार, वेडीवाकडी, आणि त्यातून निघाले फक्त नर. ती वसाहत वाचली नाही.

म्हणून गेलेल्या थव्याचं दुःख बाजूला ठेवून आजच मूळ पेटी उघडा. सर्वांत मोठं, बंद झालेलं राणीघर असलेली चौकट न झटकता, न उलटवता जागेवर ठेवा, बाकीची राणीघरं चाकूने काढा, मुंग्यांचा बंदोबस्त करा, आणि मग साधारण तीन आठवडे पेटी उघडू नका. त्यानंतर सकाळच्या उन्हात चौकट तिरकी धरा. पोळ्यातल्या घरांच्या तळाशी एकेकच पांढरं, तांदळाच्या कणीहून बारीक अंडं दिसलं, तर नवी राणी अंडी घालायला लागली.