वाचकांचे प्रश्न : ऊस तोंडाच्या कोपऱ्यातच का जातो?

प्रश्न : पेरू आपण पुढच्या दातांनी तोडतो, ऊस सोलताना मात्र तो नकळत तोंडाच्या कोपऱ्यात नेतो आणि फुटाणे थेट दाढेखाली सरकवतो. ही नुसती सवय आहे, की दातांच्या आकाराशी तिचा काही संबंध आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : संबंध आहे, परंतु तो केवळ आकाराशी नाही, दात जबड्यात कोठे बसला आहे, त्याचे मूळ किती लांब आहे आणि जबडा कोणत्या दिशेने हलतो, यांचाही त्यात वाटा असतो. प्रौढ माणसाच्या 32 दातांपैकी पटाशीचे 8, सुळे 4, उपदाढा 8 आणि अक्कलदाढांसह दाढा 12 असतात.

पटाशीच्या दातांची कड रुंद पण पातळ असते, त्यामुळे जबड्याचा जोर एका अरुंद रेषेवर एकवटतो. तोंड मिटताना वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढून खाली उतरतात, एक कड दुसरीला घासून सरकते आणि पेरूचा गर कापला जातो. चावलेला पेरू उजेडात धरून पाहिला, तर गरावर एकेका दाताच्या रुंदीच्या उथळ खोबणी स्पष्ट दिसतात.

उसाच्या सालीला ही पातळ कड पुरत नाही. साल कापायची नसते. दातांत घट्ट पकडून, हाताने ऊस ओढून, ती सोलायची असते आणि या झटक्यात दातावर आडवा ताण येतो. सुळ्याचे टोक सालीत रुतते आणि त्याचे मूळ सर्व दातांत लांब असल्याने तो हा ताण सोसतो. शेजारच्या उपदाढा पकडीला मदत करतात.

फुटाण्याचे काम वेगळे. जबड्याचा सांधा कानाच्या पुढ्यात असतो आणि दाढा त्याच्या जवळ, त्यामुळे स्नायूंनी तेवढाच जोर लावला तरी पुढच्या दातांपेक्षा दाढांवर दाब अधिक पडतो. अडकित्त्यात सुपारी टोकाशी न धरता सांध्यालगत धरतात, ती याच कारणाने. मात्र नुसत्या दाबाने फुटाणा फुटेल, त्याचे पीठ होणार नाही. त्यासाठी दाढेच्या माथ्यावर उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खोलगट जागा असतात. वरच्या दाढांचे आतल्या बाजूचे उंचवटे खालच्या दाढांच्या खोलगट भागात आणि खालच्यांचे बाहेरच्या बाजूचे उंचवटे वरच्यांच्या खोलगट भागात बसतात. शिवाय चावताना खालचा जबडा सरळ वर न येता थोडा बाजूला जाऊन तिरका मध्याकडे सरकतो, म्हणून घास दाबलाही जातो आणि रगडलाही जातो. दाढांवरून घरंगळलेले कण जीभ आणि गाल पुन्हा दाढांवर ढकलतात. त्यांचे श्रेय आपण सहसा दातांनाच देऊन टाकतो!

कुत्र्याचा जबडा असा आडवा फारसा हलत नाही, म्हणून तो मांसाचे लचके तोडतो आणि बहुतेक घास तसेच गिळतो. गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तेथे कठीण गादी असते, परंतु तिचा जबडा आडवा भरपूर फिरतो आणि रवंथ करताना रुंद दाढांखाली चारा बारीक होतो.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या सर्वांत मागच्या दाढेवर काळ्या रेघा दिसतात. दुधाचा दात आहे, पडेलच, असे घरचे म्हणतात. दुर्लक्ष करावे का?

उत्तर : करू नये. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते; तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नसल्याने हा गैरसमज होतो. घास रगडण्यासाठी उपयोगी पडणाऱ्या उंचवट्यांमधल्या काही चिरा ब्रशच्या केसाहूनही अरुंद असतात आणि तेथे अडकलेले अन्न निघत नाही. काळी रेघ म्हणजे नुसता डाग आहे की कीड, हे तपासूनच कळते. कीड नसेल, तर दंतवैद्य त्या चिरा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवून देतात. कीड असल्यास ती खोल जाण्याआधी काढून दाढ भरून घ्यावी.