दिवसाला दोन मिनिटे

प्रश्न : मिरजेत माझे घड्याळदुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. एक निवृत्त गृहस्थ दर शनिवारी आपले चावीचे ‘एचएमटी जनता’ घड्याळ घेऊन येतात आणि ते दिवसाला दोन मिनिटे मागे पडते, अशी तक्रार करतात. मी रात्रभर ठेवून पाहतो, तर वेळ बरोबर असते. एक बाई बंद घड्याळाचा पट्टा बदलून घेतात, पण ‘चावी देऊ नका’ असे बजावून जातात. मुलगा म्हणतो, असल्या विक्षिप्त गिऱ्हाइकांना वाटेला लावावे. मला मात्र त्यांच्यावर लिहावेसे वाटते. आमच्यापैकी कोणाचे बरोबर? – एक घड्याळजी

उत्तर : लेखनाचे नंतर पाहू, आधी घड्याळ पाहू. दिवसाला दोन मिनिटे म्हणजे दर ७२० सेकंदांमागे एका सेकंदाची चूक. तुम्ही जाणताच की, जुन्या घड्याळाची चाल ते आडवे आहे की उभे यावर बदलते आणि चावी उतरत आली म्हणजेही बदलते. तुमच्या टेबलावर ते तबकडी वर करून, पूर्ण चावी दिलेले, निवांत पडलेले असते. त्या गृहस्थांकडे ते रात्री कोठे असते? खुंटीला टांगलेले की उशाखाली? चावी सकाळी देतात की आठवेल तेव्हा? हे तुम्ही त्यांना कधी विचारल्याचे पत्रात दिसत नाही. म्हणजे ज्याला आपण विक्षिप्त ठरवले, त्याची तक्रार खरी असण्याचा बराच संभव आहे.

हे प्रश्न कारागिराचे आहेत, म्हणून ते विचारताना कोणाच्या घरात डोकावल्यासारखे होत नाही. आणि माणूस ‘रात्री घड्याळ खुंटीला असते’ एवढे सांगू लागला, की ती खुंटी कोणत्या खोलीत आहे आणि रात्री उठून वेळ का पाहावी लागते, हे पुष्कळदा आपणहून येते. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे करायला घेतली आणि २०१६ मध्ये सरकारने तिची घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला; तेव्हा आजही ‘जनता’ रोज मनगटावर बांधणाऱ्याला त्या दोन मिनिटांचे काही मोल असणारच. त्यांच्याकडून मजुरी मात्र घेत जा. फुकट काम केलेत, तर ते गप्पांसाठी येतात असे तुम्ही त्यांना सांगितल्यासारखे होईल.

बाईंना काही विचारू नका. त्यांनी अट घातली आहे, ती पाळणे एवढेच तुमचे काम. स्प्रिंगमध्ये थोडी चावी उरली असेल, तर हिसक्यानेही घड्याळ चालू पडते. म्हणून काटे कोठे आहेत ते पाकिटावर टिपून ठेवा आणि पट्टा हलक्या हाताने चढवा.

प्रत्येक विक्षिप्तपणामागे काही दडलेले असते, असे मी मानत नाही. काही गिऱ्हाइके केवळ चिकट असतात आणि त्यांच्या बाबतीत तुमच्या मुलाचे म्हणणे मला मान्य आहे. राहिले लेखन. मिरजेसारख्या गावात नाव बदलल्याने माणूस झाकला जात नाही, म्हणून गृहस्थांना लेख आधी वाचून दाखवा. त्यांनी नको म्हटले, तर तो वहीतच राहू द्या. बाईंविषयी मात्र तुमच्या जागी मी लिहिणार नाही. शनिवारी ते गृहस्थ आले, की खुंटीचा प्रश्न मुलाला विचारू द्या आणि त्याच्यासमोरच घड्याळ उभे टांगून चाल मोजा.