परदेशात स्थायिक होताना कायदेशीर अडचणी नेमक्या कुठे येतात?

अमेरिकेपुरतं सांगतो, कारण तिथली प्रक्रिया जवळून पाहिली आहे. व्हिसा नाकारला जाईल ही सगळ्यांची भीती. प्रत्यक्षात बरेच जण अडतात ते नावात. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत तर पहिलं नावही. मग दाखल्यावर 'सुमन', पासपोर्टवर 'सुनीता'. दोन्ही बाई एकच, हे तिथल्या अधिकाऱ्याला कोण पटवणार? राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र निघण्याआधीच करून घ्या. आई-वडिलांना ग्रीन कार्डवर, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्यावर, बोलावताना जन्मदाखला लागतो. गावात जन्मलेल्या कित्येकांची नोंदच नसते. अशा वेळी अनुपलब्धतेचा दाखला (जन्माची नोंद सापडत नाही, असं लिहून दिलेला), शाळा सोडल्याचा दाखला आणि जवळच्या ज्येष्ठ नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र कामी येतं.

तिथे गेल्यावरची मोठी अडचण एच-१बीची, म्हणजे नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसाची. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवा मालक शोधा, दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करा, नाहीतर परत या. नोकरीच्या मार्गाने मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही आणि मुलं २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून वगळली जाऊ शकतात. हे मला सगळ्यात क्रूर वाटतं.

आणि कोरा फॉर्म सही करून एजंटाच्या हातात देऊ नका. त्यात खोटं लिहिलं गेलं तर कायमची बंदीही येऊ शकते, एजंटावर नाही, तुमच्यावर.